पाण्यात पडली तर उडी कोण मारणार?

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाने तळ्याकाठी घेतलेल्या शिबिराचा ओझरता उल्लेख आम्ही मागे याच सदरात केला होता. त्यावर घाटकोपर, मुलुंड, मालवणी आणि थेट महाडहूनही वाचकांची पत्रे आली. काहींना आपल्या शाळेसाठी असे शिबिर घ्यायचे आहे, त्यांनी खर्च विचारला. पण निम्म्याहून अधिक पत्रे आयांची होती आणि त्यांत खर्चाविषयी एक शब्द नव्हता. मुली बरोबर होत्या का? रात्री राहिल्या का? पाण्यात उतरल्या का? एका भगिनीने सरळच लिहिले आहे की आमच्या घरात मुलीला सहलीला पाठवायचे नाही हे ठरलेले आहे, तरी सविस्तर वाचायला आवडेल. हा महिना त्या भगिनीसाठी.

आधी संघाविषयी थोडे. शाळा अंधेरी पूर्वेची, मराठी माध्यमाची. आमच्या काळात एकाच बाकावर म्हसळा-श्रीवर्धनकडची कोकणी मुस्लिम घरांतली मुले, लांजा-संगमेश्वरच्या चाकरमान्यांची मुले आणि साताऱ्याहून एमआयडीसीत आलेल्या कामगारांची मुले बसत. घरी कोणी कोकणी बोले, कोणी दखनी, कोणी मालवणी. वर्गात मात्र सगळ्यांची मराठी एकच होती, आणि शुद्धलेखनाच्या चुकाही एकच. त्या वर्गांतून संघ उभा राहिला, त्यामुळे तो कुठल्या एका समाजाचा नाही. आज शाळेची पटसंख्या रोडावली आहे. मरोळ, साकीनाका, जोगेश्वरीच्या वस्त्यांतून मुले येतात. कोणाचे अब्बा रिक्षा चालवतात, कोणाचे गॅरेजात, कोणाचे जरीच्या कारखान्यात. आई घरी बसून मणी ओवते नाहीतर पॅकिंगचे काम करते.

माजी विद्यार्थी संघ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येते ते आम्हाला ठाऊक आहे. एक हॉल, बिर्याणी आणि व्हेज पुलाव, 'अरे, तू तर ओळखूच येत नाहीस', निवृत्त बाईंचा सत्कार, शाल-श्रीफळ, एक ग्रुप फोटो. मग वर्षभर मोबाइलच्या गटावर गुड मॉर्निंगची फुले, ईदच्या मुबारकबादा, दिवाळीचे दिवे आणि अधूनमधून कोणाच्या तरी निधनाची बातमी. यात वाईट काही नाही. जुनी माणसे भेटली की बरे वाटतेच. पण असा संघ हा आठवणींचा संघ असतो. शाळेत आज जे मूल बसले आहे त्याला त्याचा पत्ताही नसतो.

आमच्या संघाला त्या मुलाकडे वळवले ते शिष्यवृत्तीच्या अर्जांनी. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी थांबवली. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे, असे कारण दिले गेले. पहिली ते पाचवीच्या मुलाला या योजनेत वर्षाला १,००० रुपये मिळत. हजार रुपयांत काय होते, असे विचारणाऱ्याने जून महिन्यात दप्तर, रेनकोट आणि बूट एकदम विकत घेऊन पाहावेत. त्या वर्षी संघाने स्नेहमेळाव्याचा हॉल रद्द केला, मेळावा शाळेच्या पटांगणात भेळेवर उरकला आणि वाचलेल्या पैशांतून वह्या-दप्तरे घेतली. काही मंडळी रुसली. पुढच्या वर्षी तीच मंडळी दहावीच्या मुलांना शनिवारी गणित शिकवायला आली.

जुन्या विद्यार्थ्यांनी नव्यांसाठी झोळी फिरवावी ही रीत आपल्याकडे नवी नाही. अलीगढच्या मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात १८९० मध्ये साहिबजादा आफताब अहमद खान यांनी अंजुमन-उल-फर्ज काढली. ड्यूटी सोसायटी या नावानेही ती ओळखली जाते. गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी पैसा उभा करणे हे तिचे काम. त्यासाठी कॉलेजचे तरुण सुट्टीत गावोगाव वर्गणी मागत फिरत. हेच आफताब अहमद खान पुढे अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्या मुंबईत १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली, तीही लोकवर्गणीवरच वाढली. बोरीबंदर स्टेशनासमोरची तिची इमारत पाहताना दगड दिसतो, त्यामागचे चंदा मागणारे हात दिसत नाहीत.

पैशांवरून आठवले. शिबिराला जकातीचे पैसे चालतात का, असे दोघांनी विचारले आहे. बारकावे आलिमांना विचारावेत, आम्ही फक्त आमची पद्धत सांगतो. जकातीचा हिशेब पहिल्यापासून वेगळा आहे. ती हक्कदार घरालाच, मुलाच्या शिक्षणासाठी, पालकांच्या हाती दिली जाते. शिबिराची बस, तंबू, जेवण यांत तिचा एक रुपयाही जात नाही, तो खर्च माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून. आणि ज्यांना संघ नोंदवायचा आहे त्यांनी लवकर नोंदवावा. आपल्या राज्यात १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली अशी दुहेरी नोंदणी होते. वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या चार खेपा पडतात, पण पुढे हिशेबावरून मैत्री तुटत नाही.

आता तळ्याकडे येतो. शिबिराची कल्पना निघाली ती अशाच एका शनिवारच्या वर्गात. आमच्यातल्या एकाने सहावीच्या मुलांना विचारले, तुमच्या नळाला पाणी कुठून येते? उत्तर आले, "टँकरमधून." दुसरे म्हणाले, "मोटरमधून." मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत आणि त्यांतले दोन, विहार आणि तुळशी, आपल्या उपनगरातच आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. तिसरा पवई, १८९१ चा, तो पिण्याच्या कामाचा उरला नाही म्हणून सातांत धरत नाहीत. मुले रोज बसमधून पवईवरून जातात, पण कुठल्याही तलावाच्या काठावर पाच मिनिटे उभे राहिलेले मूल त्या वर्गात एकही नव्हते.

पहिल्या वर्षी म्हणून फक्त पवईला गेलो, सकाळी जाऊन दुपारी परत. पवईत मगरी आहेत, तेव्हा पाण्यात हात घालायचाही प्रश्न नव्हता. काठावर उभे राहून मुलांना एवढेच दाखवले की विहारचे आणि पवईचे ओसंडलेले पाणी मिळून मिठी नदी होते, ती साकीनाक्याच्या, कुर्ल्याच्या मागून वाहते आणि माहीमला समुद्राला मिळते. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आमच्या मागचा नाला?" हो, तोच. तिच्या अम्मीने तिला २६ जुलैची गोष्ट सांगितलेली होती. २००५ च्या त्या दिवसाने सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. तिच्या घरात पाणी छातीपर्यंत आले होते आणि तिच्या मामूंना लोकांनी दोराने ओढून काढले होते.

त्या मुलीच्या बोलण्यानंतर आमचा विचार पक्का झाला. पाणी या मुलांना टाळता येतच नाही. पावसाळ्यात ते घरात येते, उघड्या मॅनहोलवर साचते, सुट्टीच्या दिवशी जुहू-वर्सोव्याला पायाशी येते. पोहणे ही क्लबातल्या मुलांची चैन आहे असे आपण धरून चाललो आहोत, आणि ज्यांना त्याची खरी गरज आहे ती मुले त्यापासून लांब राहतात. मुली तर त्याहून लांब. म्हणून ठरले की आठवी-नववीच्या मुलामुलींचे दोन रात्रींचे शिबिर घ्यायचे, तळ्याकाठी घ्यायचे, आणि पाणी दुरून दाखवून परत आणायचे नाही.

पालकांची सभा बोलावली. आया जास्त आल्या. आमच्या अध्यक्षांनी व्यक्तिमत्त्व विकास वगैरे शब्दांत छान प्रस्तावना केली. ती संपल्यावर मागून एक अम्मी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाईसाब, ते सगळे बरोबर आहे. पण माझी पोरगी पाण्यात पडली तर उडी कोण मारणार? तुम्ही?" अध्यक्षांचे वय चौपन्न, मधुमेह, गुडघ्याला पट्टा. सभेत हशा पिकला, पण अम्मी हसल्या नाहीत. त्या उत्तराची वाट पाहत उभ्याच राहिल्या.

हा प्रश्न भित्र्या बाईचा नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याला पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल गेली होती. त्यातले १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले आणि त्यांत मुली जास्त होत्या. आमच्या वाचकांत अशी घरे आहेत की ज्यांना ती बातमी आठवली की आजही जेवण जात नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. हरणीला समुद्र नव्हता, लाटा नव्हत्या, शहरातले शांत तळे होते. आईच्या मनात या तारखा असतात. तिला व्यक्तिमत्त्व विकास सांगून भागत नाही.

सभेत त्या दिवशी एवढेच ठरले की अम्मींना उत्तर देता येईपर्यंत शिबिर नाही. त्यात एक वर्ष गेले, आणि ते वर्ष शिबिराइतकेच कामाचे ठरले असे आमचे मत आहे.

जुहूच्या किनाऱ्यावर काम केलेल्या एका जीवरक्षकाला गाठले. त्याने पहिल्याच दिवशी अम्मींच्या प्रश्नाचे उत्तर दिले: उडी कोणीच मारायची नाही. बुडणारा माणूस हाताला येईल त्याला घट्ट धरतो आणि खाली दाबतो, म्हणून एकाला वाचवायला गेलेले दोघे जातात. आधी काठावर आडवे पडून हात द्या. हात पोचत नसेल तर काठी, ओढणी, पट्टा, जे असेल ते पुढे करा. तेही पोचत नसेल तर तरंगणारी वस्तू फेका. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट, मुठीला पंधरा-वीस मीटर दोर. आमच्या शाळेच्या पटांगणावर दोन रविवार आम्ही सगळे, गुडघ्याला पट्टा असलेले अध्यक्षसुद्धा, असे कॅन फेकत होतो. गंमत वाटते, पण नेमका फेकणे सोपे नाही. कॅन माणसाच्या डोक्यावरून पलीकडे पडला पाहिजे, म्हणजे दोर त्याच्या हाताशी येतो.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. सिनेमातल्यासारखे बुडणारा माणूस बहुतेक वेळा हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असते, श्वासच पुरत नाही, मग आवाज कुठून निघणार? हात आपोआप बाजूला पसरून पाणी दाबत राहतात. लांबून पाहणाऱ्याला वाटते, खेळतो आहे. म्हणून पाण्यात गप्प झालेले मूल हे ओरडणाऱ्या मुलापेक्षा आधी पाहायचे. आणि पाण्यातून काढलेल्याचा श्वास चालत नसेल तर नुसती छाती दाबून पुरत नाही, तोंडाने श्वासही द्यावा लागतो, कारण त्याचा जीव हवेवाचून अडलेला असतो. हे पुतळ्यावर शिकूनच घ्यावे, वाचून येत नाही. फोन १०८ ला.

मग मुलांचे पोहणे. पालिकेचे तरणतलाव उपनगरांत आहेत. अंधेरीला शहाजी राजे क्रीडा संकुलात, मुलुंडला कालिदासजवळच्या संकुलात, कांदिवलीला सरदार पटेलांच्या नावाचा, चेंबूरला जनरल वैद्यांच्या नावाचा. महिलांसाठी वेगळ्या वेळा असतात, त्या तिथे जाऊन विचाराव्यात. मुलींच्या तुकडीबरोबर आमच्या वर्गातल्या चार भगिनी गेल्या. त्यांतल्या दोघी वयाच्या पंचेचाळिशीत पहिल्यांदा पाण्यात उतरल्या. पोशाखाचा प्रश्न होताच. मनगटापासून घोट्यापर्यंतचा पोहण्याच्या कापडाचा सूट आता बाजारात सहज मिळतो. सुती सलवार-कमीज मात्र नको, भिजली की जड होते आणि पायांत अडकते. सिडनीत अहेदा झनेट्टी नावाच्या बाईंनी असा बंद पोशाख २००४ मध्ये तयार केला होता. पुढे २००७ मध्ये तोच घालून मक्का लाला ही मुस्लिम तरुणी तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक झाली. लोकांचे जीव वाचवायला उभी राहिलेली मुलगी! पोशाखावरून दोन्ही बाजूंनी जगभर वाद चालतात. आम्हाला त्यात पडायचे नाही. आमच्या मुली त्या पोशाखात पोहायला शिकल्या, एवढे खरे.

सगळ्याच मुली पोहायला शिकल्या असे नाही. त्याची गरजही नव्हती. बांगलादेशात लहान मुलांना गावच्या तळ्यात बांबूचा माचा बांधून पोहणे शिकवतात. गावातल्याच तरुण मुली-मुलांना शिकवणारे म्हणून तयार करतात आणि कसोटी साधी ठेवतात: २५ मीटर अंतर कापणे आणि ३० सेकंद पाण्यावर तग धरणे. झकपक पूल नाही, शिट्टीवाला कोच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. बांगलादेशाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत लावून धरला आणि २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस झाला. आम्ही आमच्या मुलींसाठी तीच कसोटी घेतली, फक्त पोहण्याचे अंतर कमी केले. पाठीवर पडून, कान पाण्यात, नजर आभाळाकडे, तीस आकडे मोजायचे. हे जमले की भीती निम्मी जाते. हजरत उमर (रजि.) यांच्या नावे मुलांना पोहणे शिकवण्याची जी नसीहत सांगितली जाते, ती आपण वाझमध्ये ऐकतो आणि तिथेच ठेवून येतो.

शिबिर झाले ते डिसेंबरात, आंदर मावळात. लोणावळा-पुणे मार्गावर कामशेत स्टेशन आहे. तिथून आत वळले की डोंगरांच्या कुशीत ठोकरवाडीचा मोठा तलाव लागतो. टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधले आणि १९२२ पासून त्याचे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात उतरते आहे. त्या काळी या मावळपट्ट्यात धरणे होत होती ती मुंबईच्या गिरण्यांना आणि दिव्यांना वीज पुरवण्यासाठी. शेजारच्या मुळशीला १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो याच काळातला. ज्या शेतकऱ्याच्या जागेत आम्ही तंबू ठोकले त्याचे म्हातारे वडील काठावर येऊन बसले आणि बोट दाखवून म्हणाले, "तिकडं खाली आमच्या आज्याची खाचरं." मुलांनी पाण्याकडे पाहिले. मुंबईची वीज आणि मुंबईचे पाणी कोणाच्या तरी भाताच्या खाचरांवरून येते, हे आम्ही सांगितले असते तर त्यांनी ऐकले नसते.

त्या आजोबांची आम्हाला दुसरीही मदत झाली. धरणाचा तलाव गावतळ्यासारखा नसतो. काठ एकाएकी खोल जातो. खाली जुने बांध, दगडी ताली, झाडांची खोडे असतात, कुठे गाळात पाय रुततो. वरचे पाणी कोमट आणि दोन हात खालचे गार, त्याने पायात गोळे येतात. आजोबांनी मुरमाचा, हळूहळू उतरत जाणारा एक तुकडा दाखवला. तेवढाच आम्ही दोर आणि रिकामे कॅन बांधून आखून घेतला. कमरेच्या वर पाणी नाही, दोराबाहेर कोणी नाही, लाइफ जॅकेटशिवाय कोणी नाही, अगदी पोहता येणारेही नाहीत. प्रत्येकाची जोडी ठरलेली होती आणि दर दहा मिनिटांनी शिट्टी झाली की जोडीदाराचा हात वर धरायचा. संध्याकाळच्या असरच्या नमाजनंतर पाणी बंद. बोट ठेवलीच नाही, कारण तिची आम्हाला पारख नाही.

मुलींची वेळ सकाळची. काठावर कनात लावलेली, आत आमच्या चार भगिनी आणि दोन आया. होय, त्या अम्मीही होत्या. त्यांना आम्ही सभेतच म्हटले होते की तुम्ही बरोबर या आणि स्वतः बघा. त्या आल्या, हातात दोर बांधलेला कॅन घेऊन दोन्ही दिवस काठावर उभ्या राहिल्या, आणि कोणी खिदळत दोराजवळ गेले तर अशा ओरडल्या की पलीकडच्या काठावरची गुरे बिचकली असतील. त्यांची मुलगी तीस आकड्यांपर्यंत तरंगली. अम्मींनी आकडे मोठ्याने मोजले आणि पस्तिशीपर्यंत थांबल्याच नाहीत.

खाण्याचे सोपे निघाले. कामशेतहून हलाल कोंबडी आणली, शाकाहारी मंडळींची चूल आणि भांडी वेगळी, दुसऱ्या रात्री गावातल्या बायांनी पिठले-भाकरी केली, तिचे ठरलेले पैसे त्यांच्या हातात दिले. फजरला थंडी अशी होती की वुजूचे पाणी तापवावे लागले. ते तापवायला आमचा एक हिंदू वर्गमित्र साडेपाचला उठून चूल पेटवून बसला, कारण त्याला तसाही पहाटेचा चहा लागतो. मुलांना यात काही विशेष वाटले नाही आणि त्यांच्या देखत आम्हीही त्याचे भाषण केले नाही.

पक्ष्यांविषयी थोडे लिहायलाच हवे. हिवाळ्यात अशा तलावांवर पाहुणे येतात. केशरी रंगाचे चक्रवाक जोडीने बसलेले होते, काळे वारकरी पाण्यावर, पंख पसरून वाळवणारा पाणकावळा, आणि टिटवी तर रात्रीही गप्प बसत नव्हती. मुलांना सांगितले की भारतात ज्यांचे नाव घेतल्याशिवाय पक्ष्यांविषयी बोलताच येत नाही ते डॉ. सालिम अली मुंबईच्या खेतवाडीत जन्मले. लहानपणी मामांच्या घरी वाढताना पिवळ्या गळ्याची एक चिमणी मारली, ती कोणती हे विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचे आयुष्यच बदलले. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांना जोडणारे इंग्रजी पत्रक झफर फतेहअली यांनी वर्षानुवर्षे चालवले, आणि त्यावर पत्ता असे तो अंधेरीच्या जुहू लेनचा. "आपल्या अंधेरीचा?" मुलांना सालिम अलींपेक्षा या पत्त्याचे जास्त आश्चर्य वाटले.

आता जे जमले नाही ते. आठवी-नववीच्या मुलींपैकी निम्म्याही आल्या नाहीत. एका घरी आम्ही तीनदा गेलो. वडील तयार होते, आई तयार होती, दादींनी नकार दिला आणि तो आम्ही मानला. दादींना पटवण्यासाठी मुलीला पुढे करणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्या घरात तिला राहायचे असते, आम्हाला नाही. एक चाचा म्हणाले, मुले-मुली वेगळ्या शिबिरांना न्या, मग पाठवतो. हे सांगणे आम्ही टाळलेले नाही. तंबू, वेळा, पाणी सगळे वेगळे होते, तरी ज्यांना पूर्ण वेगळे हवे त्यांच्यासाठी फक्त मुलींचे एक दिवसाचे शिबिर घ्यायचे ठरते आहे. मात्र मुलींना पाणी नको, त्यांना मेंदी आणि पाककृतीची स्पर्धा ठेवा, ही सूचना संघाच्या बैठकीत आली तेव्हा ती मान्य झाली नाही. २६ जुलैचे पाणी मुलगी आहे म्हणून वाट वाकडी करून गेले नव्हते.

संघातही मतभेद आहेत. एका गटाचे म्हणणे की एवढी जोखीम कशाला, कर्जतला रिसॉर्ट घेऊ, रेन डान्स आहे, डीजे आहे, मुले खूश होतील. होतील, यात शंका नाही. पण रिसॉर्टवर मुले ग्राहक असतात. तंबू ठोकणे, भांडी घासणे, जोडीदाराचा हात मोजणे, रात्री शेकोटीजवळ बसून स्वतःच्या घराविषयी दोन शब्द बोलणे यातले काही तिथे होत नाही. त्याला खर्चही जास्त, आणि आमच्या वर्गणीदारांचे पैसे रेन डान्सवर घालवायची आमची तयारी नाही. बाकीच्यांनी स्वतःच्या मेळाव्याला रिसॉर्ट जरूर घ्यावा.

ज्यांनी खर्च विचारला त्यांना: सर्वात मोठा खर्च बसचा, त्याखालोखाल लाइफ जॅकेटांचा. जॅकेट भाड्याने घेऊ नका. मापाची घ्या, लहान मुलांना मोठे जॅकेट दिले तर ते वर सरकते आणि मूल खालून निसटते. आमची जॅकेटे आता शाळेच्या ऑफिसात, कप आणि ढालींच्या कपाटात ठेवलेली आहेत. ढाली खाली काढून जागा केली. शाळेची लेखी परवानगी, प्रत्येक पालकाची सही, मुलांच्या आजारांची यादी, जवळचे आरोग्य केंद्र कुठे आहे ते आधी जाऊन पाहणे, आणि मोबाइलची रेंज कुठल्या टेकाडावर येते ते माहीत असणे, या गोष्टींना पैसे लागत नाहीत, फक्त माणूस लागतो.

या वर्षीची तारीख सहामाही परीक्षेनंतर ठरेल. पालकांची सभा त्याआधी. मागच्या आठवड्यात त्या अम्मी शाळेत आल्या होत्या. त्यांना शिबिराची तारीख नको होती. साकीनाक्याच्या त्यांच्या गल्लीतल्या सहा बायांना पोहायला शिकायचे आहे, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या, आणि पालिकेच्या तलावाचा अर्ज इंग्रजीत आहे, तो कोण भरून देणार, असे विचारत होत्या. शनिवारी दुपारी त्या सगळ्याजणी आधार कार्ड घेऊन येणार आहेत.